सिकलसेल तपासणीचा इतिहास: स्फटिक, सॅपोनिन आणि सातपुडा

नंदुरबार जिल्ह्यातील आरोग्य केंद्रांत आणि आश्रमशाळांच्या शिबिरांत सिकलसेलची पहिली तपासणी वर्षानुवर्षे एका छोट्या काचनळीत होत आली आहे. बोटाला टोचून घेतलेला रक्ताचा थेंब नळीतील द्रावणात मिसळतात आणि काही मिनिटे थांबतात. द्रावण पारदर्शक राहिले, तर सिकल हिमोग्लोबिन आढळले नाही असे मानतात. ते गढूळ झाले, तर रक्त पुढच्या तपासणीसाठी पाठवतात. आरोग्य कर्मचारी तिला ‘सोल्युबिलिटी टेस्ट’ म्हणतात. त्या द्रावणात तीन मुख्य घटक असतात: पेशीचे पटल फोडणारे सॅपोनिन, प्राणवायू काढून घेणारे सोडियम डायथायोनाइट आणि संहत फॉस्फेट. प्रथिन पाण्यात कधी विरघळून राहते, कधी साका होऊन खाली बसते आणि कधी त्याचे स्फटिक बनतात, या प्रश्नावर झालेल्या जवळजवळ दीड शतकाच्या कामाचे सार या तीन घटकांत आहे. त्याच कामाची दुसरी शाखा पेशीपटलात रुतलेली प्रथिने डिटर्जंटने सोडवून त्यांचे स्फटिक वाढवण्यापर्यंत गेली. सिकलसेलचा आजार समजून घ्यायला या दोन्ही शाखा लागतात.

जिल्हा आणि आजार

नंदुरबार जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. त्याआधीचा धुळे जिल्हा म्हणजे 1906 मध्ये खानदेशाचे दोन भाग झाल्यावर बनलेला पश्चिम खानदेश. त्यामुळे जुन्या वैद्यकीय नोंदींत नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे तालुके धुळे किंवा पश्चिम खानदेश या नावांखाली सापडतात. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 16,48,295 होती आणि तिच्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण 69 टक्क्यांहून अधिक होते. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी हे येथील प्रमुख समाज. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि दक्षिणेकडे तापीचे सपाट खोरे अशी जिल्ह्याची रचना आहे.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. आईवडिलांपैकी एकाकडूनच सिकल जनुक आले, तर मूल वाहक होते. वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. दोघांकडूनही ते जनुक आले, तर मूल रुग्ण होते. हातापायांच्या बोटांना सूज, हाडे व सांध्यांत असह्य वेदना, कावीळ, वारंवार होणारा जंतुसंसर्ग, मोठी झालेली प्लीहा आणि सततचा रक्तक्षय ही त्याची लक्षणे. आईवडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता चारात एक असते. एखाद्या समाजात दर चार माणसांत एक वाहक असेल आणि लग्ने कोणतीही तपासणी न करता जुळत असतील, तर साधारण सोळा जोडप्यांपैकी एका जोडप्यात नवराबायको दोघेही वाहक निघतात. सातपुड्यातील काही समाजांत प्रमाण या उदाहरणाच्या जवळचे आहे.

एवढे मोठे प्रमाण का, याचे उत्तर हिवतापात आहे. ए. सी. ॲलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले, की सिकल जनुकाच्या वाहकांना फाल्सिपेरम हिवतापाचा जीवघेणा प्रकार कमी होतो. जेथे पिढ्यान्‌पिढ्या हिवतापाचे राज्य होते, तेथे वाहक मुले अधिक जगली आणि जनुक टिकून राहिले. सातपुड्याचा जंगली पायथा हा अशाच प्रदेशांपैकी एक.

रक्ताचे स्फटिक

हिमोग्लोबिन हे तांबड्या पेशीतले प्राणवायू वाहणारे प्रथिन. स्फटिकरूपात पाहिलेले पहिले प्रथिन तेच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिश हुनेफेल्ड यांनी 1840 मध्ये नोंदवले, की गांडुळाचे रक्त दोन काचांमध्ये हळूहळू सुकू दिले असता त्यात लाल चपट्या वड्या दिसतात. 1851 मध्ये ओटो फुंके यांनी रक्तात पाणी, अल्कोहोल किंवा ईथर मिसळून ते सावकाश सुकवण्याची पद्धत दिली आणि रक्ताचे स्फटिक मुद्दाम तयार करता येऊ लागले. 1864 मध्ये फेलिक्स होप-झायलर यांनी या लाल पदार्थाला हिमोग्लोबिन हे नाव दिले. 1909 मध्ये अमेरिकेत एडवर्ड रायखर्ट आणि अमोस ब्राउन यांनी शंभरहून अधिक प्राण्यांच्या हिमोग्लोबिनचे स्फटिक एका मोठ्या ग्रंथात छायाचित्रांसह मांडले. प्रत्येक जातीच्या प्राण्याचे स्फटिक वेगळ्या कोनांचे होते. हिमोग्लोबिनची घडण जातीगणिक बदलते, ही समजूत येथे पक्की झाली.

हिमोग्लोबिनचे स्फटिक इतक्या लवकर हाती आले, कारण ते पाण्यात सहज विरघळणारे प्रथिन आहे. त्याच्या रेणूच्या पृष्ठभागावर पाण्याशी सलगी करणारे गट असतात, तर तेलकट स्वभावाचे गट आत दडलेले असतात. द्रावणात क्षार वाढवत नेला, की पाणी क्षाराच्या कामी लागते, प्रथिनाच्या वाट्याला कमी पाणी येते आणि प्रथिनाचे रेणू एकमेकांना चिकटू लागतात. हे घाईने झाले तर वेडावाकडा साका बसतो. सावकाश झाले तर रेणू एका ठरावीक रचनेत लागतात आणि स्फटिक वाढतो. अमोनियम सल्फेट आणि फॉस्फेट हे या कामासाठीचे नेहमीचे क्षार.

मॅक्स पेरुट्झ यांनी 1937 मध्ये केंब्रिजमध्ये हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरणांचा अभ्यास सुरू केला. 1953 मध्ये त्यांनी पाऱ्यासारखे जड अणू स्फटिकात बसवून रचना उकलण्याचा मार्ग काढला आणि 1960 मध्ये घोड्याच्या हिमोग्लोबिनची ढोबळ रचना प्रसिद्ध झाली. दोन अल्फा आणि दोन बीटा अशा चार साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या त्यांना दिसल्या. 1962 मध्ये पेरुट्झ आणि जॉन केंड्रू यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

विळ्याचा आकार

शिकागोचे वैद्य जेम्स हेरिक यांनी 1910 मध्ये ग्रेनाडाहून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तात लांबट, विळ्यासारख्या तांबड्या पेशी पाहिल्याची नोंद केली. 1922 मध्ये व्हर्नन मेसन यांनी आजाराला सिकलसेल ॲनिमिया हे नाव दिले. 1927 मध्ये हान आणि गिलेस्पी यांनी दाखवले, की प्राणवायू काढून घेतला की पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि प्राणवायू परत दिला की पूर्ववत होतात. दोष पेशीच्या आतल्या पदार्थात आहे, याचा हा पहिला ठोस इशारा होता.

1949 मध्ये लायनस पॉलिंग, हार्वे इटानो आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात निराळ्या गतीने सरकते हे सिद्ध केले. एखाद्या आजाराचे मूळ एका रेणूत दाखवून देण्याची ही पहिलीच वेळ. व्हर्नन इंग्राम यांनी 1956-57 मध्ये फरक नेमका कोठे आहे ते शोधले. बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन हे अमिनो आम्ल आलेले असते. ग्लुटामिक आम्ल विद्युतभारित आणि पाण्याशी जुळणारे, तर व्हॅलीन तेलकट स्वभावाचे. एकूण 146 अमिनो आम्लांच्या साखळीत एवढा एकच बदल.

त्या बदलाने विद्राव्यतेवर काय परिणाम होतो, ते त्याआधीच, 1950 मध्ये पुढे आले होते. पेरुट्झ आणि मिचिसन यांनी प्राणवायूरहित सिकल हिमोग्लोबिन नेहमीच्या हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी कमी विरघळते असे नोंदवले. त्याच वर्षी जॉन हॅरिस यांनी पेशीबाहेर काढलेल्या हिमोग्लोबिनच्या द्रावणातही दोन्ही टोकांना निमुळते होणारे सूक्ष्म पुंजके दाखवले. पेशीचा आकार तिच्या आत जमणाऱ्या प्रथिनामुळे बदलतो, हे त्यावरून स्पष्ट झाले.

सिकल हिमोग्लोबिनचे स्फटिक वाढवून त्यांची रचना पाहण्याचे काम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वॉर्नर लव्ह यांच्या गटाने केले. 1975 मध्ये त्यांनी दाखवले, की स्फटिकात रेणूंच्या दुपदरी माळा असतात आणि एका रेणूवरचे व्हॅलीन शेजारच्या रेणूवरील एका तेलकट खाचेत बसते. ही खाच प्राणवायू नसलेल्या अवस्थेतच योग्य आकारात असते. रोगी पेशीतला तंतूही अशाच दुपदरी माळांचा बनतो. 1978 पर्यंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूत अशा सात जोड्या, म्हणजे 14 पदर, असल्याचे ठरले. या तंतूंनी पेशी ताठर होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि वेदनेचा झटका येतो.

पश्चिम भारतातील नोंदी

भारतात सिकल जनुकाची पहिली नोंद 1952 ची. हेरमान लेहमान आणि मेरी कटबुश यांनी निलगिरीतील आदिवासींमध्ये ते शोधले. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतील मजुरांमध्येही ते सापडले. पश्चिम भारतातील काही जमातींविषयीचा अहवाल सुकुमारन, संघवी आणि व्यास यांनी 1956 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये दिला. 1958 मध्ये शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांविषयी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिले. हे जनुक फक्त आफ्रिकी वंशाच्या लोकांत असते, हा तोवरचा समज या नोंदींनी मोडला.

त्या काळच्या पाहण्यांत रक्ताचा थेंब सोडियम मेटाबायसल्फाइटच्या थेंबात मिसळून वर पातळ काच ठेवत, कडा बंद करत आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी विळ्यासारख्या होतात का ते पाहत. 1948 मध्ये डालंड आणि कॅसल यांनी रूढ केलेली ही पद्धत खात्रीची होती. पण तिला सूक्ष्मदर्शक, प्रशिक्षित नजर आणि प्रत्येक नमुन्यामागे बराच वेळ लागे. अक्राणीच्या पाड्यापाड्यांवर, जेथे रस्ता अर्ध्यात संपे, तेथे हजारो लोकांची तपासणी तशी करणे अशक्यच होते.

महाराष्ट्रातील सर्वेक्षणांचा सर्वांत परिचित आढावा एस. एल. काटे आणि डी. पी. लिंगोजवार यांचा, 2002 चा आहे. वेगवेगळ्या समाजांत वाहकांचे प्रमाण शून्यापासून 35 टक्क्यांपर्यंत आढळले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान आणि ओतकर या समाजांत ते 20 ते 35 टक्के होते. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ आणि नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांहून अधिक रुग्ण असावेत, असा अंदाजही त्यांनी दिला. त्यांतले पाच जिल्हे विदर्भातले. खानदेशातला एकच, नंदुरबार.

काचनळीची कसोटी

काचनळीच्या कसोटीचे मूळ हार्वे इटानो यांच्या 1953 च्या कामात आहे. निरनिराळी हिमोग्लोबिने संहत फॉस्फेट द्रावणात किती विरघळतात, हे त्यांनी मोजले. प्राणवायू काढलेले सिकल हिमोग्लोबिन फॉस्फेटच्या ज्या संहतीला खाली बसते, त्याच संहतीला नेहमीचे हिमोग्लोबिन विरघळलेलेच राहते. 1971 मध्ये नाल्बँडियन आणि सहकाऱ्यांनी यावरून डायथायोनाइटची स्वस्त व झटपट नळी-कसोटी प्रसिद्ध केली. पुढे जगभरच्या सामूहिक तपासण्या तिच्यावर उभ्या राहिल्या.

कसोटीची रीत सोपी आहे. नळीत सुमारे 2 मिलिलिटर द्रावण असते. त्यात 20 मायक्रोलिटर, म्हणजे थेंबाहून कमी, रक्त घालतात आणि नळी हलकेच उलटीसुलटी करतात. सॅपोनिन तांबड्या पेशींच्या पटलातील कोलेस्टेरॉलला धरून पटलाला भोके पाडते. क्षणार्धात पेशी फुटतात आणि लाल रंग द्रावणभर पसरतो. डायथायोनाइट हिमोग्लोबिनवरचा प्राणवायू काढून घेते आणि लाल रंग जांभळट होतो. पाच मिनिटांनी नळीच्या मागे काळ्या रेघा छापलेला कागद धरतात. रेघा नळीतून स्पष्ट दिसल्या, तर निकाल नकारात्मक. द्रावण दुधासारखे गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे.

यात फॉस्फेटची भूमिका विशेष समजून घेण्यासारखी आहे. तांबड्या पेशीत दर 100 मिलिलिटरला सुमारे 34 ग्रॅम हिमोग्लोबिन खच्चून भरलेले असते. शरीराच्या तापमानाला प्राणवायूरहित सिकल हिमोग्लोबिन त्याच्या जवळपास निम्मेच विरघळलेले राहू शकते. म्हणून पेशीत ते आपोआप तंतूरूप घेते. नळीत तेच रक्त शंभरपट पातळ होते. इतक्या विरळ द्रावणात नुसता प्राणवायू काढून काहीच घडले नसते. पेशीत जे गर्दीमुळे घडते, ते नळीत फॉस्फेटच्या क्षारबळाने घडवून आणले जाते.

सॅपोनिन मूळचे वनस्पतींतले. रिठ्याचा फेस सॅपोनिनमुळे येतो. महाराष्ट्राच्या रानांत आढळणाऱ्या गेळाच्या फळातही ते असते. ही फळे ठेचून डोहात टाकून मासे गुंगवण्याची रीत भारतातील वनवासी समाजांना जुनी ठाऊक आहे. माशाच्या कल्ल्यांतील पेशीपटलांवर सॅपोनिन असाच परिणाम करते. कपडे धुणे, मासे धरणे आणि रक्त तपासणे या तिन्ही कामांत पटल आणि तेलकट थर मोडण्याचा त्याचा एकच गुण उपयोगी पडतो.

या कसोटीच्या मर्यादाही पक्क्या आहेत. नळी गढूळ झाली म्हणजे व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे कळत नाही. सहा महिन्यांखालच्या बाळात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असल्याने निकाल चुकीचा नकारात्मक येऊ शकतो. तीव्र रक्तक्षयात किंवा नुकतेच रक्त चढवलेल्या माणसातही तसेच होते. म्हणून गढूळ नळीनंतर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पक्की तपासणी अनिवार्य ठरते. इलेक्ट्रोफोरेसिसमागे पॉलिंग यांच्या 1949 च्या प्रयोगाचेच तत्त्व आहे.

पटलातील प्रथिने

काचनळीत पटल फोडून आतले प्रथिन मोकळे करणे पुरेसे असते. पटलाचे अवशेष कोणी पाहत नाही. पण त्या पटलातही प्रथिने असतात आणि त्यांची रचना उकलणे हिमोग्लोबिनपेक्षा कितीतरी अवघड ठरले. पटल म्हणजे मेदरेणूंचा दुहेरी थर. त्यात रुतलेल्या प्रथिनाच्या मधल्या भागाला तेलकट गटांचा रुंद पट्टा असतो, तर थराच्या बाहेर डोकावणारी दोन्ही टोके पाण्याला मानवणारी असतात. असे प्रथिन नुसत्या पाण्यात आणले, की तेलकट पट्टे एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा निरुपयोगी गोळा होतो.

त्यावरचा उपाय डिटर्जंट. डिटर्जंटच्या रेणूचे डोके पाण्याला मानवते आणि शेपूट तेलकट असते. पाण्यात ठरावीक संहतीच्या वर गेल्यावर हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून गोळा होतात. या गोळ्याला मायसेल म्हणतात. पटलात रुतलेले प्रथिन डिटर्जंटने सोडवले, की मायसेलचे कडे त्याच्या तेलकट पट्ट्याभोवती बसते आणि प्रथिन पाण्यात तरंगू शकते. जर्मनीतील विली क्यूने यांनी 1870 च्या दशकात बेडकाच्या डोळ्यातील प्रकाशसंवेदी जांभळे द्रव्य पित्तक्षारांनी विरघळवून वेगळे केले. पित्तक्षार हे शरीराचे स्वतःचे डिटर्जंट. विसाव्या शतकात त्याच द्रव्यासाठी डिजिटोनिन वापरात आले. ते डिजिटॅलिस या वनस्पतीपासून मिळणारे सॅपोनिन आहे. रक्ततपासणीत पटलाला भोके पाडणाऱ्या कुळातलेच एक रसायन येथे पटलातील प्रथिनाला जपून बाहेर काढत होते.

विरघळवणे साधले, तरी स्फटिक वाढत नव्हते. मायसेलच्या कड्याने प्रथिनाचा बराचसा पृष्ठभाग झाकला जाई आणि रेणूंना एकमेकांना ठरावीक जागी स्पर्श करायला वाव उरत नसे. अशा प्रथिनांचे त्रिमितीय स्फटिक मिळणारच नाहीत, असे 1970 च्या दशकात अनेक शास्त्रज्ञ मानत. 1980 मध्ये हा समज दोन ठिकाणी मोडला. जर्मनीत हार्टमुट मिशेल आणि डीटर ओस्टरहेल्ट यांनी बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचे, तर स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मायकेल गाराविटो आणि युर्ग रोझेनबुश यांनी जिवाणूच्या बाह्य पटलातील पोरिनचे स्फटिक मिळवले. पोरिनसाठी ऑक्टिल ग्लुकोसाइड हे लहान शेपटीचे डिटर्जंट वापरले होते. शेपूट आखूड, तर मायसेल लहान. मायसेल लहान, तर प्रथिनाची पाण्यातली टोके मोकळी. ती एकमेकांना भिडून स्फटिकाची जाळी बांधतात.

मिशेल यांनी पुढे रोडोस्यूडोमोनास व्हिरिडिस या जांभळ्या जिवाणूतील प्रकाशसंश्लेषणाचे केंद्र निवडले. एलडीएओ नावाच्या डिटर्जंटमध्ये विरघळवलेल्या प्रथिनात त्यांनी हेप्टेनट्रायॉल हा छोटा रेणू घातला. तो कड्यात शिरून मायसेल आणखी आटोपशीर करतो. मग अमोनियम सल्फेटच्या संहत द्रावणाच्या सान्निध्यात थेंबातील पाणी सावकाश कमी होऊ दिले. सुमारे तीन आठवड्यांत स्फटिक तयार झाले. 1982 मध्ये ते प्रसिद्ध झाले. 1985 मध्ये योहान डायझेनहोफर, रॉबर्ट हुबर आणि मिशेल यांनी रचना मांडली आणि 1988 मध्ये तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिमोग्लोबिनसाठी वापरलेली क्षाराची युक्तीच येथेही कामी आली. नवे होते ते मायसेलचा आकार हातात ठेवण्याचे कौशल्य.

तांबड्या पेशीच्या पटलातील प्रथिनांचा नंबर त्यानंतर लागला. पीटर अग्रे यांना 1988 मध्ये तांबड्या पेशींत एक अनोळखी प्रथिन सापडले. 1992 मध्ये ते पाण्याला वाट देणारे प्रथिन असल्याचे सिद्ध झाले. हेच ॲक्वापोरिन-1. 2000 मध्ये त्याच्या पातळ, एकथरी स्फटिकांवरून आणि 2001 मध्ये गुरांच्या रक्तातून मिळवलेल्या त्रिमितीय स्फटिकांवरून त्याची रचना कळली. 2003 मध्ये अग्रे यांना रॉडरिक मॅककिनन यांच्यासह नोबेल मिळाले. तांबड्या पेशीच्या पटलातील सर्वांत विपुल प्रथिन म्हणजे बँड-3. एका पेशीत त्याच्या सुमारे दहा लाख प्रती असतात. तरीही त्याच्या पटलातील भागाची स्फटिकरचना 2015 पर्यंत थांबली. हुनेफेल्ड यांच्या लाल वड्यांपासून तोवर 175 वर्षे उलटली होती. एकाच पेशीतील दोन प्रथिनांमधले हे अंतर मुख्यतः तेलकट पट्ट्यामुळे पडले.

भारतात अशा स्फटिकांसाठी लागणारे तीव्र क्ष-किरण नंदुरबारच्या ईशान्येला, इंदूर येथील इंडस-2 सिंक्रोट्रॉनवर मिळतात. तेथील प्रथिन-स्फटिकांची किरणवाहिनी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारली.

पटल, पाणी आणि वेदना

या दोन शाखा रुग्णाच्या शरीरात एकत्र येतात. 1974 मध्ये हॉफ्रिक्टर, रॉस आणि ईटन यांनी मोजले, की प्राणवायू काढल्यानंतर सिकल हिमोग्लोबिनचे तंतू लगेच बनत नाहीत, काही काळ जावा लागतो. पहिला सूक्ष्म अंकुर जमायला लागणारा हा विलंब हिमोग्लोबिनच्या संहतीवर कमालीचा अवलंबून असतो. संहती किंचित वाढली, की विलंब अनेक पटींनी घटतो. विलंब पुरेसा असेल तर पेशी बारीक वाहिनीतून निसटून फुप्फुसाकडे पोहोचते आणि प्राणवायू मिळून सुटते. विलंब कमी झाला, की वाटेतच अडकते.

संहती ठरते पेशीतल्या पाण्यावर आणि पाणी राखण्याचे काम पटलातील प्रथिनांचे. विळ्याचा आकार घेताना पटलातून कॅल्शियम आत शिरते. 1958 मध्ये ग्योर्गी गार्डोश यांनी वर्णन केलेला पोटॅशियमचा मार्ग त्यामुळे उघडतो, पोटॅशियम बाहेर जाते, त्यामागून पाणी जाते आणि पेशी आणखी घट्ट होते. हा मार्ग असलेल्या प्रथिनाची रचना 2018 मध्ये मॅककिनन यांच्या प्रयोगशाळेने शीत-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखवली. या नव्या पद्धतीत स्फटिक लागत नाहीत, पण पटलातून प्रथिन सोडवायला डिटर्जंट लागतेच. हा मार्ग बंद करणारे सेनिकॅपोक हे औषध मोठ्या चाचणीपर्यंत गेले. त्याने पेशी फुटणे कमी झाले, पण वेदनेचे झटके कमी झाले नाहीत.

वेदना कमी करणारा सिद्ध मार्ग वेगळ्या बाजूने आला. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन सिकल तंतूत नीट बसत नाही आणि तंतूची वाढ रोखते. हायड्रॉक्सियुरिया हे औषध त्याचे प्रमाण वाढवते. अमेरिकेत 1998 मध्ये त्याला सिकलसेलसाठी मान्यता मिळाली. भारतीय आदिवासींतील सिकल जनुक ज्या अरब-भारतीय प्रकारचे आहे, त्यात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मुळातच जास्त राहते. तरीही येथील अनेक रुग्णांचा आजार तीव्र असतो.

भरपूर पाणी प्या, उन्हातले आणि दमछाक होईल असे काम टाळा, ताप अंगावर काढू नका, हा आरोग्यसेविकेचा सल्ला याच विज्ञानातून येतो. नंदुरबारमध्ये तो पाळणे सोपे नाही. पावसाळा संपला की येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातकडे जातात. फडावरचे काम उन्हातले, जड आणि लांबलचक असते. रुग्ण मुलाची तपासणी गावात होते आणि वेदनेचा झटका परमुलखात येतो.

आजची स्थिती

या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रात सिकलसेल नियंत्रणाचा सरकारी कार्यक्रम सुरू आहे. नंदुरबारच्या आदिवासी भागात शाळा, आश्रमशाळा आणि गरोदर मातांची तपासणी त्यातून होते. वाहक आणि रुग्णांना कार्डे दिली जातात आणि लग्नापूर्वी दोन्ही बाजूंची कार्डे पाहावीत असा सल्ला दिला जातो. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत आजाराचे निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. तपासणीसाठी आता काही मिनिटांत वाहक आणि रुग्ण वेगळे सांगणाऱ्या पट्ट्याही मिळू लागल्या आहेत. त्यामुळे काचनळीची जागा हळूहळू कमी होईल.

नळीने सत्तरच्या दशकापासून केलेले काम मात्र मोठे आहे. विद्राव्यतेच्या एका मोजमापामुळे सूक्ष्मदर्शकाविना, विजेविना, डोंगरातल्या पाड्यावर आनुवंशिक आजार ओळखता आला. तिच्यामागचे शास्त्र मिळवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सातपुडा पाहिलेला नव्हता. ते शास्त्र सातपुड्यातल्या मुलांच्या उपयोगी पडायचे असेल, तर गढूळ नळीनंतरची तीन कामे त्याच निष्ठेने व्हायला हवीत: पक्की तपासणी, हायड्रॉक्सियुरियाचा अखंड पुरवठा आणि स्थलांतराच्या गावीही उपचार मिळण्याची सोय. सिकलसेलचे निदान तालुक्यात होते, पण औषध बारमाही मिळत नाही, अशी अवस्था जेथे असेल तेथे ती प्रथम बदलली पाहिजे. प्रत्येक वाहकाने आणि रुग्णाने आपले कार्ड जपावे आणि लग्न ठरवताना, दवाखान्यात जाताना, परगावी कामाला निघताना ते सोबत ठेवावे.